कंट्रोल, ऑप्शन, मेटा, सुपर : कीबोर्डवरच्या नावांचा गुंता कसा झाला?

कीबोर्डवरची काही बटणं एकटी दाबली तर सहसा काहीच उमटत नाही. दुसऱ्या बटणासोबत दाबून धरली की मगच त्यांचं काम सुरू होतं. यांना मॉडिफायर म्हणतात, आणि नावांचा सगळ्यात मोठा घोळ यांच्याच वाट्याला आला आहे. एकाच बटणाला विंडोज, कमांड, सुपर, मेटा अशी चार नावं आहेत. त्यातलं 'मेटा' तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये भलत्याच बटणाला चिकटलेलं असतं. नवा माणूस इथे अडखळला की 'मलाच कळत नाही' म्हणून गप्प बसतो. पण चूक त्याची नसते. ही नावं दीडशे वर्षांत वेगवेगळ्या यंत्रांसाठी ठेवली गेली. यंत्रं मोडीत गेली, नावं तेवढी राहिली.

सगळ्यात थोरलं शिफ्ट. शोल्स आणि ग्लिडन यांचा टाइपरायटर १८७४ मध्ये बाजारात आला तेव्हा त्यावर फक्त कॅपिटल अक्षरं उमटत. १८७८ च्या रेमिंग्टन नंबर २ वर एकाच दांडीवर दोन अक्षरं आली, एक लहान आणि एक मोठं. शिफ्ट दाबलं की कागद धरणारी कॅरेज खरोखर जागची सरकायची आणि दुसरं अक्षर कागदावर पडायचं. जे घडतं तेच नाव. म्हणूनच बहुधा शिफ्टबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही.

कंट्रोल आलं टेलिप्रिंटरवरून, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या-छापणाऱ्या यंत्रावरून. १९६३ मध्ये आस्की ही अक्षरांना अंक देणारी संकेतप्रणाली ठरली, तेव्हा पहिले ३२ अंक छापायच्या अक्षरांसाठी नव्हते. ते यंत्राला हुकूम देण्यासाठी राखलेले होते. घंटी वाजव, कॅरेज परत आण, ओळ पुढे सरकव. हे हुकूम पाठवायला वेगळी बटणं द्यायची गरज नव्हती. कंट्रोल दाबून कॅपिटल अक्षर दाबलं की त्याच्या अंकातून ६४ वजा होत. जीचा अंक ७१, म्हणजे कंट्रोल-जी झालं ७, आणि पलीकडच्या यंत्रात खरीखुरी घंटी वाजे. एम ७७, म्हणून कंट्रोल-एम १३, कॅरेज परत. आय ७३, म्हणून कंट्रोल-आय ९, म्हणजेच टॅब. आजही अनेक टर्मिनलांमध्ये (आज्ञा टाइप करून संगणक चालवायच्या खिडक्यांमध्ये) टॅब आणि कंट्रोल-आय यांतला फरक प्रोग्रामला कळत नाही, त्याचं मूळ या वजाबाकीत आहे. नाव इथेही चोख होतं: यंत्रावर ताबा ठेवणाऱ्या संकेतांचं बटण.

गुंता पुढे विद्यापीठांत वाढला. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या कीबोर्डवर कंट्रोलच्या जोडीला मेटा आलं. एमआयटीत लिस्प यंत्रांसाठी (लिस्प या प्रोग्रामिंग भाषेसाठी बांधलेल्या संगणकांसाठी) बनलेल्या 'स्पेस कॅडेट' कीबोर्डवर तर शिफ्ट, टॉप, फ्रंट, कंट्रोल, मेटा, सुपर आणि हायपर अशी सात मॉडिफायर होती. बोटं कितीही वाकवावी लागोत, वापरणाऱ्याला जास्तीत जास्त आज्ञा थेट हाताशी मिळाव्यात, असा तो विचार होता. त्याच एमआयटीत १९७६ मध्ये ईमॅक्स हा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम जन्माला आला आणि त्याच्या आज्ञांत मेटा कायमचं बसलं.

मग १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला. त्यावर कंट्रोल होतं, ऑल्ट होतं, मेटा नव्हतं. ईमॅक्सवाल्यांनी ऑल्टलाच मेटा मानलं. ऑल्ट टर्मिनलपर्यंत पोचत नसेल तर आधी एस्केप दाबून सोडायचं आणि मग अक्षर दाबायचं, अशी पळवाट ठेवली. ईमॅक्सच्या मदतपानांवर आजही 'मेटा-एक्स' असंच लिहिलेलं असतं, वाचणाऱ्याच्या कीबोर्डवर मेटा नावाचं बटण कधीच नसलं तरी.

ॲपलची वाट निराळी. ॲपलच्या लिसा आणि ॲपल टू-ई या संगणकांवर सफरचंदाचं चित्र असलेलं बटण होतं. मॅकिंटॉशच्या मेन्यूंमध्येही प्रत्येक शॉर्टकटसमोर तेच सफरचंद दिसू लागलं, तेव्हा स्टीव्ह जॉब्झ वैतागले: बोधचिन्हाची इतकी उधळण नको. मॅकच्या चमूतले अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. चित्रकार सुझन केअर यांनी चिन्हांचा कोश चाळून चार कोपऱ्यांना वेटोळी असलेला चौकोन निवडला. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय जागा दाखवणाऱ्या पाट्यांवर तो असतो. बटणाचं नाव ठेवलं कमांड. पण पुढच्या कीबोर्डांवर सफरचंद परत आलं आणि २००७ पर्यंत चौकोनाशेजारी राहिलं. त्यामुळे कुणी 'ॲपल-सी' म्हणे, कुणी 'कमांड-सी'. शेजारच्या ऑप्शनवर बारीक अक्षरांत 'ऑल्ट' छापलेले मॅकचे कीबोर्डही पुष्कळ आहेत.

१९८४ च्या पहिल्या मॅकच्या कीबोर्डवर कंट्रोल नव्हतंच. ते काही वर्षांनी आलं, आणि ही बाब मॅकच्या पथ्यावर पडली असं मला ठामपणे वाटतं. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबव. मॅकवर नक्कल करायला कमांड-सी, थांबवायला कंट्रोल-सी. दोन्ही सुखाने नांदतात. पीसीवर नक्कल करण्याचं कामही कंट्रोल-सीवरच पडलं, त्यामुळे लिनक्स या संगणकप्रणालीच्या टर्मिनलांत नक्कल करायला शिफ्टची जोड द्यावी लागते. हे विसरून चाललेलं काम मध्येच बंद पाडणारे लोक निष्काळजी नसतात. एका बटणावर दोन पिढ्यांची कामं लादलेली आहेत.

विंडोजचं बटण १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डवर पहिल्यांदा आलं आणि पुढच्या वर्षी विंडोज ९५ सोबत रुळलं. लिनक्सला प्रतिस्पर्ध्याचं नाव कसं चालणार? लिनक्सवरच्या दोन डेस्कटॉपांपैकी ग्नोमने त्याला सुपर म्हटलं, केडीईने मेटा. म्हणजे एकाच लिनक्सवर, एकाच बटणाला, डेस्कटॉप बदलला की नाव बदलतं. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्येही 'मेटा' म्हणजे मॅकवर कमांड आणि पीसीवर विंडोज. ईमॅक्सचं मेटा मात्र अजून ऑल्टवरच. शिवाय पीसीचा कीबोर्ड मॅकला जोडला तर स्पेसबारला लागून ऑल्ट असतं, तिथे मॅकची सवय झालेला अंगठा कमांड शोधतो आणि ऑप्शन दाबून बसतो.

यात कुठलं नाव बरोबर, असं मला कुणी विचारलं तर मी विचारतो: बटणावर काय छापलंय ते हवं, बटण कोणता संकेत पाठवतं ते हवं, की प्रोग्राम त्याचं काय करतो ते? तीन गोष्टी, तीन नावं. मदतपानं लिहिणारे त्या एकमेकींत मिसळतात. त्यांनी निदान छापलेलं नाव आधी लिहावं. समोरच्याला डोळ्यांनी दिसतं ते तेवढंच.

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने को-पायलट नावाचं बटण जाहीर केलं. बऱ्याच लॅपटॉपवर ते उजव्या कंट्रोलच्या जागी बसलं. वर नाव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाचं, पण आतून ते संगणकाला नवा संकेत पाठवत नाही. विंडोज, शिफ्ट आणि एफ-२३ एकदम दाबल्याचं कळवतं. एफ-२३ हे बटण आज कुणाच्या टेबलावर सहसा नसतं. ते १९८० च्या दशकातल्या आयबीएमच्या १२२ बटणांच्या टर्मिनल-कीबोर्डवर होतं.