इन्सारच्या नकाशावरचा ठिपका आणि त्याच्या नावाचा घोळ

शहर कुठे किती खचलं हे दाखवणारे लाल-हिरव्या ठिपक्यांचे नकाशे आता बातम्यांतही दिसतात. ते काढतात ‘इन्सार’ने, म्हणजे एकाच जागेच्या वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या उपग्रह-रडार प्रतिमांची तुलना करून जमिनीची हालचाल मोजण्याच्या पद्धतीने. जाणकार त्या ठिपक्यांना ‘पीएस’ म्हणतात. यातल्या ‘पी’चा अर्थ काय, यावर या क्षेत्रात बरीच वर्षं दोन तट होते. हा वाद नुसता शब्दाचा नव्हता.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १९७८ साली सोडलेला सीसॅट हा रडार-उपग्रह जेमतेम साडेतीन महिने चालला. कॅलिफोर्नियातल्या इम्पिरियल व्हॅलीत पाणी दिलेली शेतं काही सेंटिमीटर फुगली, हा निष्कर्ष त्याच्या प्रतिमांवरून निघाला तो १९८९ मध्ये. पद्धतीचा गाजावाजा झाला तो मात्र जून १९९२ च्या लँडर्स भूकंपानंतर. ईआरएस-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी ५.६ सेंटिमीटर आणि लहर जाऊन परत येते, म्हणून दोन प्रतिमांतला फरक रंगांत दाखवला की रंगांचं एक पूर्ण चक्र म्हणजे २८ मिलिमीटरची हालचाल. भूकंपात फाटलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दाटत जाणारी ही रंगीत वलयं एकेक करून मोजायची, की जमीन किती सरकली ते कळतं.

लँडर्स वाळवंटात होतं, म्हणून ते जमलं. जिथे पिकं आणि झाडं आहेत, तिथे ३५ दिवसांनी उपग्रह परतेपर्यंत पानापानाची जागा बदललेली असते आणि वलयांच्या जागी नुसता रंगांचा कालवा उरतो. त्यात हवेतल्या बाष्पाची भर. नव्वदच्या दशकात इटलीतल्या एटना ज्वालामुखीचा फुगवटा ओसरतोय असं दाखवणाऱ्या वलयांत बाष्पाचा मोठा वाटा असावा, असं पुढच्या अभ्यासांतून समोर आलं.

यावर तोडगा निघाला तो इटलीत, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. अख्खी प्रतिमा वाचण्याचा हट्ट सोडायचा. एकाच जागेच्या तीस-चाळीस प्रतिमा रचायच्या आणि त्या सगळ्यांत सारख्याच ठसठशीतपणे रडारला उत्तर देणारे बिंदू तेवढे वेचायचे: छपराचा कोपरा, पुलाचा कठडा, उघडा कातळ. त्यांना नाव दिलं गेलं ‘परमनंट स्कॅटरर’, म्हणजे रडारची लहर कायम परत फेकणारा बिंदू. पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं, नावालाही व्यापारचिन्हाचं संरक्षण मिळालं. मग स्वतःची वेगळी गणितं मांडून तसेच बिंदू शोधणाऱ्या इतरांनी काय म्हणायचं? त्यांनी ‘पर्सिस्टंट स्कॅटरर’ म्हणायला सुरुवात केली. आद्याक्षरं तीच राहिली आणि घोळ वाढला. एका अहवालातला ‘पीएस’ म्हणजे विशिष्ट पेटंटची पद्धत, दुसऱ्यातला म्हणजे त्या जातीची कुठलीही पद्धत. बाहेरच्या वाचकाला दोन्ही एकच वाटणार.

माझं मत सरळ आहे: ‘परमनंट’ हा शब्द जास्त आश्वासन देतो. कायमचं असं तिथे काही नसतं. पत्रा बदलला की बिंदू गेला. सुरुवातीच्या गणितांत तर संपूर्ण काळ टिकलेले बिंदूच निवडले जात. मधल्या काळात पाडलेली किंवा नव्याने उभी राहिलेली इमारत आपोआप गळून पडायची, आणि खरा बदल बहुधा तिथेच झालेला असायचा. शिवाय मोजली जाते ती वास्तू. खोल पायावर उभी असलेली इमारत जागची हलत नाही, शेजारचा रस्ता मात्र खचत असतो. ठिपका हिरवा, म्हणजे स्थिर आहे म्हणून आजूबाजूची जमीन सुखरूप आहे असं मानणं चूक, आणि ठिपकाच नाही म्हणून तिथे काही घडत नाही असं मानणं त्याहून मोठी चूक. पर्सिस्टंट, म्हणजे टिकून राहिलेला, एवढंच म्हटलं तर वाचक निदान ‘कधीपर्यंत टिकला?’ असं विचारतो.

दीर्घ नोंदीला खंडही पडले. २००२ मध्ये आलेल्या एन्व्हिसॅट या पुढच्या युरोपीय उपग्रहाची रडार-वारंवारिता ईआरएसपेक्षा ३१ मेगाहर्ट्झने वेगळी होती, त्यामुळे जुनी मालिका सरळ पुढे नेता येईना. एप्रिल २०१२ मध्ये तोही अचानक गप्प झाला. पुढची दोन वर्षं या मालिकेत रिकामीच गेली. २०१४ मध्ये सेंटिनल-१ए आला, दर १२ दिवसांनी परतणारा, आणि त्याच्या प्रतिमा सर्वांना मोफत देण्याचं ठरलं. माझ्या दृष्टीने हा निर्णय कुठल्याही नव्या गणितापेक्षा मोठा ठरला. तोवर प्रतिमा मिळवायच्या तर प्रकल्प मंजूर करून घ्यावा लागे किंवा पैसे मोजावे लागत. आता विद्यार्थीसुद्धा घरच्या संगणकावर ठिपके काढू लागले. त्याच जातीचा दुसरा उपग्रह आल्यावर अंतर सहा दिवसांवर आलं. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि २०२४ च्या अखेरीस तिसरा उपग्रह जाईपर्यंत पुन्हा बारा दिवसांवर भागवावं लागलं.

जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून निघालेल्या निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहावर सुमारे २४ सेंटिमीटर तरंगलांबीचं, म्हणजे ‘एल-बँड’ रडार आहे. ही लहर पानांतून बरीचशी आरपार जाते, म्हणून शेतात आणि रानातही माप टिकण्याची आशा आहे. घरांच्या छपरांवर तितकं विसंबून राहावं लागणार नाही. रंगांचं एक चक्र मात्र इथे १२ सेंटिमीटरचं आहे. वर्षाला दोन-चार मिलिमीटरची चाल पकडायची तर या चक्राचा अगदी बारीक अंश वाचावा लागेल, आणि त्यासाठी प्रतिमांची रास पुन्हा पहिल्यापासून साठवत जावं लागेल.