बेंबेया जाझ : सरकारी पगारावर वाढलेला वाद्यवृंद

फ्रान्सच्या छत्राखाली राहायचे की स्वतंत्र व्हायचे, असा कौल १९५८ मध्ये फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींकडे मागितला गेला. 'नको' म्हणणारा देश एकटा, पश्चिम आफ्रिकेतला गिनी. अध्यक्ष सेकू तुरे यांनी पुढच्याच वर्षी फ्रेंच धाटणीची नृत्यगाणी वाजवणारे खासगी बँड बरखास्त केले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी वाद्यवृंद उभे करायला घेतले. वाद्ये सरकारची, पुढे पगारही सरकारी. अट एकच, सूर आपल्या मातीतले हवेत.

आग्नेयेकडच्या बेयला या आडगावात १९६१ मध्ये असाच एक बँड जमला. तिथल्या नदीवरून त्याचे नाव पडले बेंबेया जाझ. राष्ट्रीय स्पर्धा गाजवत तो राजधानी कोनाक्रीत पोहोचला आणि १९६६ मध्ये त्याला राष्ट्रीय वाद्यवृंदाचा दर्जा मिळाला.

या बँडचा खरा जीव सेकू दियाबाते यांच्या गिटारमध्ये आहे. ते ग्रिओ घराण्यातले, म्हणजे राजांच्या वंशावळी आणि पराक्रम पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांच्या कुळातले. लाकडी पट्ट्यांच्या बालाफोनवर टिपऱ्या जशा भरभर धावतात, तशी त्यांची बोटे तारांवर धावतात. खाली ठेका मात्र क्यूबाचा. गुलामांबरोबर अटलांटिकपार गेलेले ताल ध्वनिमुद्रिकांवरून परत आले होते. पश्चिम आफ्रिकेने ते परके मानलेच नाहीत.

फ्रेंचांशी वर्षानुवर्षे झुंजलेल्या सामोरी तुरे यांची गाथा बँडने संपूर्ण ध्वनिमुद्रिकाभर गायली, निवेदनासकट. आपल्या पोवाड्याशी तिचे नाते लगेच ओळखू येते. १९६९ च्या अल्जीयर्समधल्या आफ्रिकी सांस्कृतिक महोत्सवात तिचा गौरव झाला. अध्यक्ष स्वतःला सामोरींचे वंशज म्हणवत, त्यामुळे पूर्वजाच्या स्तुतीत सत्ताधाऱ्याची स्तुतीही मिसळलेली होती. त्याच राजवटीत कोनाक्रीच्या काँ ब्वारो तुरुंगात विरोधक उपासमारीने मरत होते. ही गाणी मला मनापासून आवडतात, पण त्यांची गोष्ट सांगताना हा तुरुंग वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१९७३ मध्ये कार्यक्रमासाठी सेनेगलची राजधानी डाकारला गेले असता मोटार अपघातात मुख्य गायक देंबा कमारा गेले. त्यांना शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. बँड सावरला, नवे गायक आले, तरी तो आवाज पुन्हा मिळाला नाही. १९८० च्या दशकात सरकारी आधार सुटला, १९८४ मध्ये तुरे वारले आणि वाद्यवृंद हळूहळू विखुरला. २००२ मध्ये नव्या अल्बमसह तो परतला.

गिनीचा हा नमुना शेजारच्या मालीनेही उचलला. बामाकोच्या रेल्वे स्थानकातल्या हॉटेलात १९७० मध्ये सुरू झालेला रेल बँड सरकारी आश्रयावरच वाढला. गायक सलिफ केइता तिथेच पुढे आले, आणि त्यांच्या पाठोपाठ गिनीत जन्मलेले मोरी कांते. पुढे दोघेही पॅरिसला गेले आणि ही गाणी जगभर पोहोचली.