भिंतीचा डाव की रडीचा डाव?

परवा विश्रामबागेत चार-पाच पोरांनी घरातल्या घरात पोकेमॉनच्या लढती लावल्या. त्यात एका गड्यानं सहाच्या सहा भिंती उतरवल्या, म्हणजे मारण्यापेक्षा मार खाऊन टिकून राहणारे पोकेमॉन. दीडशे टर्न झाले, चहा दोनदा येऊन गेला, भडंगाची पिशवी संपली, तरी दोन्हीकडं चार-चार शिल्लक. शेवटी समोरच्यानं हार मानून मोबाइल पालथा टाकला. "आरं, मार की एकदाचा! रडीचा डाव खेळतोय नुसता." पुढच्या खेपेला असे संघ चालवून घ्यायचे का, यावर तेव्हापासून काथ्याकूट चालू आहे. 'बाहेर (म्हणजे ऑनलाइन लढतींत) पण बंदी आहेच की' हे वाक्य त्यात सारखं येतं. ते अर्धंच खरं आहे, म्हणून हे थोडं मागचं.

भिंत पहिल्यापासून आहे. १९९६ च्या पहिल्या खेळातली चॅन्सी नावाची पोकेमॉन ७०३ जीव (मार सोसायचे गुण) घेऊन उभी राहायची आणि अंड्यानं अर्धा जीव भरून काढायची. त्या अंड्यातही एक गंमत होती: नेमका २५५ किंवा ५११ जीव कमी असेल तर प्रोग्रॅममधल्या चुकीमुळं अंडं फुकट जायचं. १९९९ ला चॅन्सीचं वाढलेलं रूप ब्लिसी आली, स्कारमोरी आली, दर टर्नला सोळावा हिस्सा जीव परत देणारं लेफ्टओव्हर्स आलं आणि जमिनीवर पसरायचे काटे आले. २००२ च्या तिसऱ्या पिढीत (खेळाच्या नव्या आवृत्तीला पिढी म्हणतात) काट्यांचे तीन थर लागायला लागले. तिन्ही थर असले की मैदानात पाय ठेवणाऱ्याचा पाव जीव गेलाच.

'भिंत नुसती मार खाते' हा समज इथंच चुकतो. स्कारमोरी काटे पसरते आणि वावटळ सोडून समोरच्याला परत पाठवते. त्याच्या जागी दुसरा ओढला जातो, तो काट्यांवर पडतो. पुन्हा वावटळ. लांबून मार करणारा आला की ब्लिसी पुढं. ७१४ जीव असलेली ब्लिसी तो मार अंगावर घेते, अंडं खाते, बसून राहते. कुणी कुणाला गुद्दा मारलेला नसतो आणि समोरचा अर्धा संघ लंगडत असतो. यातलं काहीच आपोआप होत नाही. समोरचा पुढच्या टर्नला काय करणार हे दर वेळी ओळखावं लागतं. एकदा चुकलं की भिंतीला भगदाड.

चौथ्या पिढीत, २००६ ला, मैदानात येणाऱ्याला दगड टोचवणारा स्टेल्थ रॉक आला. चारिझार्ड नुसता मैदानात आला तरी अर्धा जीव गमावून बसायचा. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ब्राउझरवर लढणारे आम्ही याच काळात भिंतवाले झालो, त्यामुळं पुढचं सगळं मी तटस्थपणे सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

२०१० च्या पाचव्या पिढीनं भिंतीला दोन देणग्या दिल्या. हातात धरायच्या इव्होलाइटमुळं पूर्ण न वाढलेल्या चॅन्सीचे दोन्ही बचाव दीडपट झाले. रीजनरेटर या अंगच्या गुणामुळं मैदान सोडून आत गेलं की एक-तृतीयांश जीव परत मिळायला लागला. पण त्याच पिढीत हील पल्स नावाचा मूव्हही (लढतीतली खेळी) आला, समोरच्याचा जीव भरून देणारा. दिसायला परोपकारी. यातूनच सगळ्या वादाचं मूळ असलेला स्लोब्रो उभा राहिला.

त्याच्याकडं चार मूव्ह: ब्लॉक, स्लॅक ऑफ, हील पल्स आणि रीसायकल. हातात लेप्पा बेरी. ब्लॉकनं समोरच्याला अडकवायचं, मग त्याला बदलून दुसरा आणणं बंद. तो मारत राहतो, स्लोब्रो स्लॅक ऑफनं भरून निघतो. होता होता समोरच्याचे सगळे पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येतो तो कोटा) संपतात आणि हातात फक्त स्ट्रगल हा नाइलाजाचा मूव्ह उरतो. स्ट्रगलमध्ये मारणाऱ्याचाच पाव जीव जातो, म्हणजे तो मरून तरी सुटायला हवा. तेवढ्यात स्लोब्रो हील पल्स देऊन त्याचा अर्धा जीव परत भरतो. स्लोब्रोचे पीपी संपले तर लेप्पा बेरी दहा परत देते, आणि खाल्लेली बेरी रीसायकलनं पुन्हा हातात येते. हे कधीच संपत नाही. मरायचीही सोय नाही, जिंकायचीही नाही. हार मानली तरच सुटका.

हा प्रकार उघडपणे सतावण्यासाठीच होता, त्याची बाजू मी घेणार नाही. अडचण होती ती नियम कसा लिहायचा याची. एखादा मूव्ह काढून टाकला तर तो सरळपणे वापरणाऱ्यांवर अन्याय. बेरी काढली तर तेच. 'लांबलेला सामना' असं लिहिलं तर आम्ही सगळेच गुन्हेगार. शेवटी खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या नियमावलीत बोट ठेवलं गेलं ते नेमक्या गोष्टीवर: हार मानल्याशिवाय समोरच्याला सामना संपवताच येऊ नये, अशी अवस्था मुद्दाम आणायची नाही. बंदी आहे ती न संपण्यावर, लांबण्यावर नाही. ब्राउझरवरच्या लढतींना हजार टर्नची हद्द आहे, तिथं सामना बरोबरीत सोडवला जातो, जशी आपल्याकडं मैदानात पंच कुस्ती सोडवतात. हजार! दीडशे टर्नला मोबाइल पालथा टाकणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावा.

पण लोकांच्या लक्षात फरक राहिला नाही, 'स्टॉलवर बंदी आली' एवढंच राहिलं. आपल्याकडं स्टॉल म्हटलं की आधी भेळेचा गाडा आठवतो. या खेळात तो शब्द वेळकाढूपणासाठीही वापरतात आणि भिंतींच्या शिस्तशीर संघासाठीही. एकाच नावाखाली दोन्ही गेले आणि स्लोब्रोचं पाप चॅन्सीच्या माथी बसलं.

पुढं भिंतीवर खुद्द खेळातूनच घाव पडत गेले. २०१३ ला समोरच्याच्या हातातली वस्तू उडवणाऱ्या नॉक ऑफची ताकद २० वरून ६५ झाली. चॅन्सीच्या हातचं इव्होलाइट उडालं की ती कागदाची. २०१६ ला टॉक्सापेक्स आली, रीजनरेटर आणि १५२ चा बचाव घेऊन, तेव्हा आम्हाला बरे दिवस आले. २०१९ ला जाड बूट आले, ज्यांना काटे टोचत नाहीत की दगड लागत नाहीत. पसरलेलं सगळं वाया. आणि २०२२ च्या नवव्या पिढीत अंडं, रिकव्हर, रूस्ट, स्लॅक ऑफ या जीव भरणाऱ्या मूव्हचे पीपी निम्म्यावर आले: वाढवून १६ व्हायचे ते आता ८. अधिकृत स्पर्धा २००९ पासून दोन-विरुद्ध-दोन अशाच होत असल्यानं तिथं एका भिंतीवर दोघं तुटून पडतात, म्हणून ही भांडणं तिथं फारशी नाहीत. तरीही २०१४ च्या जागतिक विजेत्याच्या संघात सगळ्यांचा मार स्वतःवर ओढून घेणारी पाचिरिसू होतीच.

आपल्या पोरांपैकी बरीच जण भिंत शिकली ती मात्र फोनवरच्या पोकेमॉन गोमध्ये. २०१७ च्या सुरुवातीला ब्लिसी आली आणि जिमवर (खेळाच्या नकाशावरच्या राखायच्या अड्ड्यांवर) एकीमागं एक ब्लिसी बसायला लागली. त्याच जूनमध्ये नियम बदलला: एका जिमवर एका जातीचा एकच. कृष्णाकाठच्या जिमवर जागा धरायला पहाटे घाटावर येणारे तेव्हापासूनचेच. तिथल्या १५०० सीपीची (लढायच्या ताकदीचा आकडा) मर्यादा असलेल्या लीगमध्येही सूत्र बचावाच्याच बाजूचं आहे. सीपी काढताना हल्ला पूर्ण धरतात, बचाव आणि जीव यांचं वर्गमूळ. त्यामुळं हल्ला कमी असलेला प्राणी त्याच मर्यादेत जास्त दणकट निघतो. याला कुणी रडीचा डाव म्हणत नाही.

विश्रामबागेतल्या त्या संघात स्लोब्रो नव्हता, लेप्पा बेरीही नव्हती. लढत नवव्या पिढीतली होती. सगळं शांत झाल्यावर भिंतवाल्याचा मोबाइल हातात घेऊन बघितला. ब्लिसीच्या अंड्याचा एकच पीपी उरला होता.