की रिपीट बंद करून चॅटरिंग जात नाही

कीबोर्ड एका दाबात दोन अक्षरं उमटवतोय (यालाच चॅटरिंग म्हणतात) म्हटलं की सल्ला ठरलेला: "की रिपीट बंद करून टाक." लिनक्सवाले तर लगेच ते बंद करणारी 'एक्ससेट आर ऑफ' ही कमांड सांगून मोकळे होतात. हे वाचून वाचून वैताग आलाय.

की रिपीट तुम्हाला माहीत आहेच. बॅकस्पेस दाबून धरला की ओळ पुसली जाते, ते हे.

चॅटरिंगचं मूळ स्विचच्या आत आहे. धातूचे संपर्क जुळताना क्षणभर थरथरतात. अगदी कोऱ्या स्विचमध्येही. ती थरथर कीबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतलाच प्रोग्रॅम, गाळून टाकतं. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये त्यासाठी मुळात 5 मिलिसेकंद ठेवलेले असतात. धूळ किंवा झिजेमुळे थरथर त्यापलीकडे गेली, की लिनक्सला कळ खरोखरच दोनदा दाबल्यासारखी दिसते.

विश्वास नसेल तर सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) 'इव्हटेस्ट' हे कळांच्या नोंदी दाखवणारं टूल चालवा आणि संशयित कळ एकदाच दाबा. तिथे 1 म्हणजे दाबली, 0 म्हणजे सोडली, 2 म्हणजे रिपीट. कळ धरून ठेवली तर 1, 2, 2, 2, 0 असं दिसतं. माझ्या 'एन'ने एका टिचकीत दाखवलं 1, 0, 1, 0, आणि मधल्या 0 नंतर पुढचा 1 अवघ्या 11 मिलिसेकंदांत. इतक्या चपळाईने कुणाचंच बोट चालत नाही. आणि यात 2 कुठे आहे? जे घडतच नाही ते बंद करून मिळणार काय? बॅकस्पेस धरून पुसायची सोय तेवढी जाते.

यावर हवं ते बाउन्स कीज: कळ सुटल्यावर ठरावीक वेळ तीच कळ पुन्हा आली तर दुर्लक्ष. नोम या लिनक्स डेस्कटॉपमध्ये ते सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या टायपिंग भागात आहे. मात्र तिथला मूळचा विलंब 300 मिलिसेकंद आहे, आणि तो मुद्दाम टाइप केलेलं जोडीचं अक्षरही गिळतो. मी 40 ठेवतो. एक्सऑर्ग या लिनक्सच्या जुन्या डिस्प्ले सर्व्हरवर हेच काम 'एक्सकेबीसेट' ही कमांड करते. शेजारच्या स्लो कीजला हात लावू नका, त्याने प्रत्येक कळच उशिरा उमटते. लिबइनपुट या लिनक्सच्या इनपुट लायब्ररीमधलं डिबाउन्स (थरथर गाळणं) माउसच्या बटणांसाठी आहे, त्यात वेळ घालवू नका.

अर्थात ही मलमपट्टीच. बूट होताना डिस्कचा पासवर्ड विचारला जातो तेव्हा बाउन्स कीज सुरूच झालेलं नसतं, आणि माझ्या पासवर्डात 'एन' होता. शेवटी स्विचच बदलला.