गिरनार हा ज्वालामुखी नव्हे

गिरनारची यात्रा ठरली की वडोदऱ्याच्या मराठी घरांत कुणी ना कुणी सांगतंच, 'अरे, तो विझलेला ज्वालामुखी आहे, दत्तशिखर म्हणजे त्याचं तोंड.' हे चूक आहे. जमिनीवर वाहिलेल्या लाव्ह्याचा डोंगर बघायचा तर पावागड जवळच आहे. तिथे लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले दिसतात, खाली काळा बेसाल्ट आणि माथ्याकडे सिलिका, म्हणजे गारगोटीचं द्रव्य, जास्त असलेला रायोलाइट.

गिरनारचा गाभा वेगळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सौराष्ट्रात पसरलेल्या बेसाल्टच्या थरांखाली शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, घुसला. त्याने वरचे थर घुमटासारखे उचलले, पण तो स्वतः आतच थिजला. पुढे वरचा बेसाल्ट झिजून गेला आणि गाभा उघडा पडला. अंबाजी, गोरखनाथ, दत्तात्रेय ही शिखरं त्या गाभ्याच्या झिजेतून उरलेली आहेत, त्यांत गोरखनाथ सर्वांत उंच.

खरी गंमत थिजण्यात आहे. पाक सावकाश निवला की खडीसाखरेचे खडे मोठे होतात. जमिनीखाली शिलारसही असाच हजारो वर्षं निवतो, म्हणून तिथल्या दगडातले स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. मात्र सगळी खनिजं एकदम थिजत नाहीत. सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास आधी ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही गडद खनिजं तयार होतात. ती जड असल्याने तळाशी बसतात आणि लोह-मॅग्नेशियम सोबत नेतात. फेल्डस्पार या फिकट खनिजाचा कॅल्शियमवाला प्रकारही लवकर बाहेर पडतो. उरलेल्या रसात सोडियम, पोटॅशियम वाढत जातं. म्हणून एकाच डोंगरात काळपट गॅब्रो, करडा डायोराइट आणि फिकट सायनाइट सापडतात. गिरनारमधली ही प्रक्रिया माथुर, दुबे आणि शर्मा यांनी १९२६ सालीच मांडली होती.

एक कोडं मात्र या क्रमात बसत नाही. काही सायनाइटमध्ये नेफेलिन हे कमी सिलिकेचं खनिज आहे, तर डोंगराभोवतीच्या बांगडीसारख्या गोल रांगेतल्या ग्रॅनोफायर नावाच्या दगडात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचंच खनिज. ही दोन खनिजं एका रसात एकत्र टिकत नाहीत. नेफेलिनला मोकळी सिलिका मिळाली की त्याचं सोडियमवालं फेल्डस्पार होतं. तेव्हा नुसत्या निवण्याने दोन्ही दगड एकाच रसातून निघणं अवघड. दुसरा रस आला असेल, किंवा आजूबाजूचा खडक वितळून मिसळला असेल.

पायऱ्या चढताना दहापट भिंग जवळ ठेवा. उन्हापावसाने तपकिरी झालेला पृष्ठभाग फसवतो, त्यामुळे नुकती फुटलेली कड बघा. नेफेलिन मात्र भिंगाने ओळखण्याच्या फंदात पडू नका, त्यासाठी ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. अशा खडकांतल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजामुळे होकायंत्राची सुई क्वचित ढळते. त्याला 'दिव्य ऊर्जा' म्हणून खडे विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. दत्तावरच्या श्रद्धेला त्या खड्यांची गरज नाही. आणि हातोडा घरीच ठेवा, हा डोंगर अभयारण्यात आहे.