तरता नांगर

तरता नांगर : वाऱ्यामुळे होडीचे वाहवत जाणे मंदावण्यासाठी पाण्यात सोडले जाणारे, तळाला न टेकणारे साधन. कापडी नरसाळे किंवा उलटी छत्री हे त्याचे नेहमीचे रूप. नाव ‘नांगर’ असले तरी ते होडीला एका जागी धरून ठेवत नाही. त्याची पकड पाण्यावर असते, त्यामुळे पाणीच वाहत असेल तर नांगर आणि होडी दोन्ही त्याच्याबरोबर जातात. भरती-ओहोटीच्या ओढीवर त्याचा काही इलाज नाही. आवरले जाते ते फक्त वाऱ्याचे ढकलणे.

होडीच्या नाळेवरून (पुढच्या टोकावरून) सोडून तिचे तोंड वाऱ्याकडे ठेवतो तो ‘सी अँकर’ आणि पिछाडीवरून सोडून वाऱ्यापुढे धावणाऱ्या होडीचा वेग कमी करतो तो ‘ड्रोग’, असा भेद जाणकार करतात. गळाने मासे धरणारे हा भेद पाळत नाहीत.

उगमाविषयी मतभेद आहेत. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसने (इ. स. पू. पाचवे शतक) नाईलवरून प्रवाहाबरोबर उतरणाऱ्या नावांचे वर्णन केले आहे. झाऊच्या लाकडाचा तराफा नावेच्या पुढे सोडत आणि भोक पाडलेला जड दगड मागे तळावरून फरफटत नेत, असे तो सांगतो. काहींना हा तराफा तरत्या नांगराचा पूर्वज वाटतो. तत्त्व एकच आहे हे खरे, पण त्याचे काम उलटे होते : तो प्रवाहाचा जोर घेऊन नावेला पुढे ओढी. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ (२७ : १७) या भागातील उल्लेख अधिक वादग्रस्त ठरला आहे. वादळात सापडलेले जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील सिर्तिसच्या वाळूत रुतेल या भीतीने खलाशांनी ‘स्क्यूओस’ खाली सोडले, असे तेथे म्हटले आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘सामान’ असा आहे. काही भाषांतरकारांनी तो तरता नांगर मानला, तर काहींनी शीड व त्याचा सरंजाम. दोनच ओव्यांनंतर जहाजाचे सामान समुद्रात फेकल्याचा उल्लेख येतो आणि तेथे याच धातूपासून झालेला शब्द आहे. हे पाहता दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट शिकारी भाला लागलेल्या देवमाशाला दमवण्यासाठी चौकटीवर ताणलेले कातडे दोरीला बांधत. होडीऐवजी सावजाला लावलेला हा अडसरच म्हणावा लागेल. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७८५ मध्ये लिहिलेल्या सागरी निरीक्षणांत खोल पाण्यासाठी ‘पोहणाऱ्या नांगरा’च्या दोन रचना सुचवल्या, एक पतंगासारखी, दुसरी छत्रीसारखी. छोट्या होड्यांसाठी या साधनाचा हिरिरीने पुरस्कार केला तो दर्यावर्दी जॉन व्हॉस यांनी. १९०१ मध्ये कॅनडातील व्हिक्टोरियाहून ‘टिलिकम’ या कोरीव डोणीतून निघून ते १९०४ मध्ये इंग्लंडला पोहोचले. त्यांचे दावे पुढे सर्वांनी मान्य केले असे नाही. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचे प्राण घेतल्यावर अमेरिकी अभियंते डोनाल्ड जॉर्डन यांनी एकाच दोरावर अनेक लहान नरसाळी ओवलेला ड्रोग विकसित केला. तो मुख्यतः शिडाच्या होड्यांसाठी आहे.

कार्यतत्त्व : विरोधी बल हे घनता, क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात असते. समुद्राच्या पाण्याची घनता दर घ. मी.ला सु. १,०२५ किग्रॅ., तर हवेची सु. १.२ किग्रॅ. असते, म्हणून लहानसे कापडही पुरते. ताशी १५ सागरी मैल वाऱ्यात ३ चौ. मी. क्षेत्र उघडे असलेल्या होडीवर सु. ११ किग्रॅ. वजनाइतका रेटा येतो. साधा हिशोब धरला, तर नुसती होडी ताशी सु. १.८ सागरी मैल वेगाने वाहील. १ चौ. मी. तोंडाचा नांगर सोडल्यास हा वेग ०.७५ च्या आसपास येतो. कापड चौपट केले तरी तो ०.४ पर्यंतच उतरतो. वेगाच्या वर्गामुळे असे होते, आणि मोठ्यात मोठा नांगर घेण्याचा हव्यास व्यर्थ ठरतो. वारा दुप्पट झाला की वाहण्याचा वेग दुप्पट होतो, दोरावरचा ताण मात्र चौपट. दोर तुटण्याचे किंवा खुंटी उपटण्याचे प्रकार येथूनच उद्भवतात.

नरसाळ्याच्या टोकाला लहान भोक ठेवतात. त्यातून पाणी निघून गेल्याने ते गोते खात नाही. काठाला वरून तरंड व खालून वजन लावतात. टोकाला बांधलेली वेगळी दोरी ओढली की नरसाळे उलटे होऊन सहज वर येते. ती नसेल तर भरलेले कापड ओढताना घाम फुटतो. मुख्य दोर ताण सोसणारा, म्हणून नायलॉनचा घेतात. होडी आणि नांगर एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर असावेत इतकी त्याची लांबी ठेवावी, असा संकेत आहे. इंजिन चालू करण्याआधी दोर आत घ्यावा लागतो, नाहीतर तो पंख्यात गुंततो.

स्कॉटलंड व आयर्लंडमधील सरोवरांत ट्राउटसाठी होडी वाऱ्याला आडवी ठेवतात. त्यासाठी नांगर वाऱ्याकडील कडेच्या मध्यावर बांधतात आणि गळ विरुद्ध बाजूस, वाऱ्याच्या दिशेने टाकतात. जपानमध्ये रात्री दिव्यांच्या प्रकाशात माकूळ (स्क्विड) धरणाऱ्या नौका नाळेवरून छत्रीसारखा मोठा नांगर सोडतात आणि पिछाडीला लहान शीड उभारतात. तेथे गळाची दोरी सरळ खाली लोंबणे महत्त्वाचे असते. तरत्या जाळ्यांनी मासेमारी करताना, मग ती कोकण किनाऱ्यावर का असेना, होडीला बांधलेले जाळेच बऱ्याच अंशी हे काम करते. डोल जाळ्याचा आकार नरसाळ्यासारखा असल्याने साम्य वाटते, पण ते प्रवाहात रोवून ठेवलेले असते.

जीवरक्षक नौकांवर तरता नांगर असणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. फुगवता येणाऱ्या जीवरक्षक तराफ्यांवर असे दोन नांगर ठेवतात. अडीअडचणीला बादली किंवा शिडात गुंडाळलेली वल्हीही चालतात.