जर्मन पुनरेकीकरणाचे परिणाम

पूर्व जर्मनी ३ ऑक्टोबर १९९० रोजी पश्चिम जर्मनीत विलीन झाल्यावर उद्भवलेले आर्थिक व राजकीय बदल. दोन्ही बाजूंनी मिळून नवे संविधान लिहिण्याची वाट (पश्चिम जर्मन संविधानाचे कलम १४६) खुली होती. घाईमुळे कलम २३ नुसार थेट सामिलीकरण झाले. पश्चिमेचे कायदे, पक्ष आणि वरिष्ठ अधिकारीही पूर्वेत आले.

मुख्य घाव त्याआधीच, पश्चिमेचा मार्क हेच पूर्वेचेही चलन झाले तेव्हा, म्हणजे १ जुलै १९९० ला बसला होता. पगार व पेन्शन पूर्वेच्या मार्काऐवजी पश्चिमेच्या मार्कांत एकास एक दराने बदलून मिळाली. बचतीत मुलांना दोन हजार, प्रौढांना चार हजार आणि वृद्धांना सहा हजार मार्कांपर्यंत तोच दर लागू होता. वरची रक्कम दोनास एक. पश्चिमेची मध्यवर्ती बँक असलेल्या बुंडेसबँकेचे अध्यक्ष कार्ल ओटो प्योल यांना ही घाई मान्य नव्हती. पण ‘मार्क आला तर राहू, नाहीतर आपणच त्याच्याकडे जाऊ’ अशा घोषणा मोर्चांतून घुमत होत्या आणि लोंढे पश्चिमेकडे निघालेही होते. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांना थांबायला सवड नव्हती. पेन्शनरांचे भले झाले. कारखान्यांचे कंबरडे मोडले. मजुरी पक्क्या मार्कांत द्यायची, माल जुन्याच धाटणीचा, आणि पूर्व युरोपातल्या गिऱ्हाइकांना नवा भाव झेपेना. त्स्विकाउ येथे पूर्व जर्मनीच्या त्राबांट मोटारीचे उत्पादन ३० एप्रिल १९९१ ला थांबले.

सुमारे साडेआठ हजार सरकारी उद्योग, त्यांतल्या चाळीस लाख कामगारांसह, ते विकण्यासाठी नेमलेल्या ट्रॉयहांड या सरकारी संस्थेच्या हाती होते. पूर्वेतल्या नाराजीचे खापर अनेकदा याच संस्थेवर फोडले जाते. अध्यक्ष डेट्लेव रोवेडर यांनी या मालमत्तेची किंमत सहाशे अब्ज मार्क धरली होती. १९९४ अखेर संस्थेने गाशा गुंडाळला तेव्हा अडीचशे अब्जांहून अधिक तूट उरली. स्वतः रोवेडर यांना १ एप्रिल १९९१ रोजी ड्यूसेलडॉर्फच्या राहत्या घरी खिडकीतून गोळी घालण्यात आली. रेड आर्मी फॅक्शन या डाव्या दहशतवादी संघटनेने जबाबदारी घेतली. मारेकऱ्याचा छडा लागला नाही. पूर्वेतल्या बिशोफेरोडेच्या पोटॅश खाणकामगारांनी १९९३ मध्ये उपोषण केले, तरी खाण बंद पडलीच.

पुनरेकीकरणाच्या खर्चासाठी १९९१ मध्ये करावर ‘एकता अधिभार’ बसला. तो फक्त पश्चिमेचे लोक भरतात हा समज चुकीचा आहे. पूर्वेकडचेही भरत आले. खर्चामुळे महागाई वाढू नये म्हणून बुंडेसबँकेने व्याजदर चढे ठेवले आणि त्याची झळ १९९२ मध्ये मार्काशी दर बांधलेल्या ब्रिटिश पौंडापर्यंत पोहोचली. शहरे, रस्ते, दूरध्वनी यांचा कायापालट झाला, हेही खरे. पेन्शनचे मूल्य दोन्हीकडे सारखे व्हायला मात्र २०२३ उजाडले.

पूर्वेत वाढलेल्या अँगेला मेर्केल २००५ ते २०२१ चॅन्सेलर होत्या. तरीही ‘आपल्याला दुय्यम लेखले जाते’ ही पूर्वेतली भावना विरली नाही. तिचा फायदा आधी जुन्या कम्युनिस्टांच्या वारसदार पक्षाला झाला, पुढे अतिउजव्या एएफडी या पक्षाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्वेतल्या थुरिंगिया राज्याच्या निवडणुकीत एएफडी पहिल्या क्रमांकावर आला. त्यात १९९० नंतर जन्मलेल्यांची भरघोस मते होती. तेव्हा सगळे खापर ट्रॉयहांडवर फोडता येत नाही.